प्रकाश-उत्प्रेरकांतील ‘सुधारणा’ आणि तिची मोजपट्टी : सौर जलविघटन संशोधनाची चिकित्सा

प्रास्ताविक

सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन या घटकांत विघटन करण्याच्या आधुनिक संशोधनाचा प्रारंभ सामान्यतः इ. स. १९७२ पासून मानला जातो. त्या वर्षी जपानमधील अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात अवघ्या दोन पानांचा निबंध प्रसिद्ध केला. टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाश पडला असता तेथे ऑक्सिजन आणि समोरच्या प्लॅटिनमच्या अग्रावर हायड्रोजन मुक्त होतो, असे त्यांनी दाखवून दिले. पुढच्याच वर्षी जगावर खनिज तेलाचे संकट कोसळले आणि या दोन पानांना अनपेक्षित महत्त्व प्राप्त झाले. तेव्हापासून आजतागायत या विषयावर अक्षरशः हजारो निबंध प्रसिद्ध झाले असून त्यांतील बहुसंख्य निबंधांच्या सारांशात एक वाक्य हमखास आढळते : नव्या उत्प्रेरकाची क्रियाशीलता मूळ उत्प्रेरकाच्या अमुक पट आहे. कोठे ती पाचपट असते, कोठे पन्नासपट, तर कोठे शेकडोपट.

या सर्व पटींचा गुणाकार प्रत्यक्षात उतरला असता, तर पाण्यापासून मिळणारा हायड्रोजन एव्हाना बाजारात स्वस्त दराने उपलब्ध व्हावयास हवा होता. तसे घडलेले नाही. प्रकाश-उत्प्रेरकाच्या भुकटीवर चालणारे, व्यापारी तत्त्वावरील हायड्रोजन-निर्मितीचे क्षेत्र आजही उभे राहिलेले नाही. सुधारणांचे दावे आणि प्रत्यक्ष उपलब्धी यांतील हे अंतर कशामुळे निर्माण झाले, याचे एक उत्तर निसर्गनियमांत आहे आणि दुसरे मोजमापाच्या पद्धतीत. पहिल्या उत्तराची चर्चा विपुल झाली आहे. दुसऱ्याकडे मात्र, विशेषतः भारतीय महाविद्यालयीन व विद्यापीठीय संशोधनात, पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने त्याचाच ऊहापोह केला आहे.

प्रक्रियेचे स्वरूप

अर्धवाहकाच्या कणावर त्याच्या निषिद्ध ऊर्जा-अंतरापेक्षा अधिक ऊर्जेचा प्रकाशकण पडला की एक इलेक्ट्रॉन संयुजा पट्ट्यातून वहन पट्ट्यात जातो आणि मागे धनभाराचे विवर उरते. इलेक्ट्रॉनने पृष्ठभागावर येऊन हायड्रोजन निर्माण करावा आणि विवराने पाण्याचे ऑक्सिडीकरण करून ऑक्सिजन मुक्त करावा, अशी अपेक्षा असते. एक मोल पाण्याच्या विघटनास किमान २३७ किलोज्यूल मुक्त ऊर्जा लागते. प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे ती १.२३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. प्रत्यक्षात पृष्ठभागावरील अडथळ्यांमुळे याहून बरीच अधिक ऊर्जा खर्च करावी लागते.

येथे दोन अडचणी संभवतात. इलेक्ट्रॉन व विवर यांचे पुनर्मीलन अत्यंत वेगाने होते, तर पृष्ठभागावरील रासायनिक क्रिया त्या मानाने कितीतरी मंद असते. त्यामुळे बहुतेक जोड्या काही उपयोग होण्याआधीच उष्णतेत विरून जातात. दुसरे असे की, हायड्रोजनचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉनांत तयार होतो, परंतु ऑक्सिजनच्या एका रेणूसाठी चार विवरे क्रमाने खर्ची पडावी लागतात. ऑक्सिजनची बाजू ही या क्रियेतील खरी अवघड बाजू होय. नेमकी हीच बाजू बहुसंख्य निबंधांत वगळलेली असते, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

पाण्याऐवजी अन्य काही फोडणारे प्रयोग

हायड्रोजन-निर्मितीच्या प्रयोगांत पाण्यामध्ये मिथेनॉल, ट्रायइथॅनॉलअमाइन किंवा सोडियम सल्फाइड व सल्फाइट यांचे मिश्रण घालण्याची प्रथा आहे. ही द्रव्ये विवरांना तत्परतेने टिपून घेतात व स्वतः खर्ची पडतात. इंग्रजीत त्यांना ‘सॅक्रिफिशियल एजंट’ म्हणतात. येथे त्यांना खर्ची द्रव्ये म्हणणे सोयीचे होईल. विवरे अशा रीतीने दूर झाली की इलेक्ट्रॉन मोकळे राहतात आणि हायड्रोजनचे बुडबुडे डोळ्यांना दिसतील इतक्या वेगाने येऊ लागतात. परीक्षक समाधानी होतात आणि आलेख सुरेख दिसतो.

परंतु हे जलविघटन आहे काय? मिथेनॉल व पाणी यांपासून कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन मिळण्याच्या क्रियेचा हिशेब मांडला असता, हायड्रोजनच्या तीन मोलांमागे लागणारी प्रमाण मुक्त ऊर्जा केवळ सुमारे ९ किलोज्यूल भरते. पाण्यापासून तेवढाच हायड्रोजन मिळविण्यास ७११ किलोज्यूल लागतात. म्हणजे मिथेनॉलच्या उपस्थितीत सूर्याची ऊर्जा हायड्रोजनमध्ये जवळजवळ साठविली जातच नाही; मिथेनॉलमध्ये आधीच असलेली ऊर्जा केवळ एका इंधनातून दुसऱ्या इंधनात हलविली जाते. डोंगरावर पाणी चढविण्याचा पंप सपाट जमिनीवर चालवून त्याची क्षमता ठरविण्यासारखा हा प्रकार आहे. खर्ची द्रव्याचा उपयोग मुळातच त्याज्य आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. एखाद्या पदार्थाचा वहन पट्टा हायड्रोजन-निर्मितीस योग्य आहे की नाही, हे पडताळण्यासाठी हा अर्ध-प्रयोग अत्यंत उपयुक्त असतो. आक्षेप आहे तो अर्ध्या क्रियेला संपूर्ण क्रियेचे नाव देण्यास.

नावाच्या या गोंधळात एकक भर घालते. अशा निबंधांत क्रियाशीलता ‘दर तासाला, दर ग्रॅममागे मायक्रोमोल’ या स्वरूपात देण्याचा प्रघात आहे. उष्ण उत्प्रेरणात ग्रॅममागील दराला निश्चित अर्थ असतो, कारण तेथे प्रत्येक कणाला सारखीच उष्णता मिळते. प्रकाश-उत्प्रेरणात मात्र द्रावण एका मर्यादेपलीकडे गढूळ झाले की मागच्या कणांपर्यंत प्रकाश पोहोचतच नाही. उत्प्रेरक दुप्पट केल्याने हायड्रोजन दुप्पट होत नाही; उलट उत्प्रेरकाचे प्रमाण १०० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणल्यास ग्रॅममागील आकडा आपोआप फुगतो. दिवा कोणता होता, त्याचे अंतर किती होते, पात्राचा किती भाग प्रकाशित होता, या बाबी बदलल्या की तोच पदार्थ निराळा आकडा देतो. दोन प्रयोगशाळांतील अशा आकड्यांची तुलना करणारे तक्ते आज जवळपास प्रत्येक निबंधाच्या शेवटी असतात. या तक्त्यांचे शास्त्रीय मूल्य नगण्य आहे, असे स्पष्टपणे म्हणावे लागते.

याच संदर्भात पुण्याच्या सी-मेट या संस्थेतील भारत काळे आणि त्यांचे कोरियातील सहकारी यांचा २००६ मधील निबंध लक्षणीय ठरतो. कॅडमियम इंडियम सल्फाइडच्या झेंडूच्या फुलासारख्या सूक्ष्मरचना दृश्य प्रकाशात हायड्रोजन सल्फाइडपासून हायड्रोजन देतात, असे त्यात दाखविले होते. हायड्रोजन सल्फाइडच्या विघटनास मोलमागे केवळ ३३ किलोज्यूल मुक्त ऊर्जा लागते. म्हणून ते पाण्याच्या तुलनेत पुष्कळच सोपे काम आहे. परंतु हा वायू तेलशुद्धीकरण कारखान्यांचा विषारी उपपदार्थ असून त्याची विल्हेवाट लावणे हीच मुळात एक गरज आहे. आपण काय फोडत आहोत हे सरळ सांगितले की सोपे कामही मोलाचे ठरते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. गंधकयुक्त पदार्थांचे पुढील असंख्य निबंध मात्र सोडियम सल्फाइडच्या द्रावणात प्रयोग करून ‘जलविघटन’ असे शीर्षक धारण करतात. कॅडमियम सल्फाइड शुद्ध पाण्यात प्रकाशाखाली ठेवले, तर विवरे पाण्याऐवजी त्या पदार्थातील गंधकालाच खातात आणि कॅडमियम द्रावणात उतरते. सल्फाइडचे द्रावण हा त्यावरील उपचार नव्हे. ते आजार झाकून ठेवते.

आकडे आणि त्यांचे छेद

कोणत्याही कार्यक्षमतेचा आकडा हा अपूर्णांक असतो. अंशाकडे सर्वांचे लक्ष जाते. वाद मात्र छेदात दडलेला असतो.

२००२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एस. यू. एम. खान आणि सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. नैसर्गिक वायूच्या ज्योतीत तापवून कार्बनयुक्त केलेले टायटॅनियम डायऑक्साइड ५३५ नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश शोषते आणि त्याच्या विद्युतअग्राची कमाल कार्यक्षमता ८.३५ टक्के आहे, असा त्यात दावा होता. त्याचे स्वागत मोठ्या उत्साहाने झाले. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात तीन स्वतंत्र आक्षेप छापून आले. आक्षेप घेणाऱ्यांत खुद्द फुजिशिमा होते. कार्यक्षमतेचा हिशेब कसा केला, हा वादाचा गाभा होता. हा आकडा बाहेरून ०.३ व्होल्ट दाब दिला असतानाचा होता, ही बाब लक्षात घेतली की बाहेरून दिलेल्या विजेची वजाबाकी किती काटेकोर असावयास हवी, हे उमगते. टायटॅनियम डायऑक्साइडला दृश्य प्रकाशाची सवय लावण्याचे प्रयत्न त्यानंतरही अखंड चालू राहिले; परंतु ८.३५ टक्क्यांचा तो आकडा या क्षेत्राचा पाया होऊ शकला नाही.

दुसरे उदाहरण निराळ्या प्रकारचे असून त्यात दोष संशोधकांचा नसून वाचकांचा आहे. २००३ मध्ये अकिहिको कुडो यांच्या गटाने लँथॅनम मिसळलेल्या सोडियम टँटलेटवर निकेल ऑक्साइड बसवून २७० नॅनोमीटरच्या प्रकाशात ५६ टक्के पुंज-कार्यक्षमता मिळविली. यात खर्ची द्रव्य नव्हते, हायड्रोजन व ऑक्सिजन दोन्ही मिळत होते. संशोधन निर्दोष होते. पण २७० नॅनोमीटरचे अतिनील किरण ओझोनच्या थरात शोषले जातात व पृथ्वीच्या पृष्ठभागावर पोहोचतच नाहीत. सौर हायड्रोजनच्या आढाव्यांत हा आकडा ‘उच्चांक’ म्हणून वर्षानुवर्षे उद्धृत होत राहिला, तेव्हा त्यामागील तरंगलांबी बहुधा गळून पडलेली असे.

पुंज-कार्यक्षमता म्हणजे एका विशिष्ट तरंगलांबीच्या प्रकाशकणांपैकी किती टक्के कामी आले याचे माप. सौर-हायड्रोजन कार्यक्षमता म्हणजे पात्रावर पडलेल्या एकूण सूर्यऊर्जेपैकी किती टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये साठली याचे माप. पहिले पदार्थवैज्ञानिकाच्या कामाचे आहे, दुसरे समाजाच्या. या दोहोंतील दरी किती रुंद असू शकते, हे स्ट्रॉन्शियम टायटेनेटच्या इतिहासाइतके स्पष्टपणे अन्य कोठेही दिसत नाही.

स्ट्रॉन्शियम टायटेनेट : चाळीस वर्षांचा धडा

१९८० मध्ये काझुनारी डोमेन आणि सहकाऱ्यांनी निकेल ऑक्साइड बसविलेल्या स्ट्रॉन्शियम टायटेनेटच्या भुकटीवर पाण्याचे विघटन होते, असे दाखविले. त्यानंतर हा पदार्थ बराच काळ मागे पडल्यासारखा झाला. त्याचे निषिद्ध ऊर्जा-अंतर ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असून तो केवळ अतिनील प्रकाश शोषतो. साहजिकच नवनव्या, रंगीत पदार्थांकडे संशोधकांचा ओढा होता.

त्याच्या पुनरुज्जीवनाची कथा मनोरंजक आहे. या पदार्थातील टायटॅनियमचे काही आयन चतुःसंयुजी अवस्थेऐवजी त्रिसंयुजी अवस्थेत राहतात व तेथे इलेक्ट्रॉन आणि विवर एकमेकांना भेटून नष्ट होतात. कमी संयुजेचे आयन मिसळल्यास हे दोष कमी होतात, हे २००९ च्या सुमारास लक्षात आले होते. पुढे स्ट्रॉन्शियम क्लोराइडच्या वितळलेल्या क्षारात हा पदार्थ तापविला असता त्याची क्रियाशीलता एकाएकी वाढलेली आढळली. शोध घेता असे दिसले की, ज्या अॅल्युमिनाच्या मुशीत तो तापविला होता, त्या मुशीतूनच अॅल्युमिनियम झिरपून स्फटिकात शिरले होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात ३६० नॅनोमीटरला पुंज-कार्यक्षमता ३० टक्के मिळाली. मुशीची अशुद्धी ही प्रयोगशाळेतील नित्याची डोकेदुखी; येथे तिचेच औषध झाले. मात्र त्या वाढीचे कारण शोधण्याची चिकाटी नसती, तर हा निबंधही ‘अमुक पट सुधारणा’ या गर्दीत हरवून गेला असता.

२०२० मध्ये त्सुयोशी ताकाता, डोमेन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये या मालिकेचा कळस गाठला. अॅल्युमिनियमयुक्त स्ट्रॉन्शियम टायटेनेटच्या स्फटिककणांच्या एका प्रकारच्या पृष्ठांवर इलेक्ट्रॉन जमतात व दुसऱ्या प्रकारच्या पृष्ठांवर विवरे. या स्वाभाविक विभागणीचा लाभ घेऊन त्यांनी प्रकाशाच्याच साहाय्याने सहउत्प्रेरक योग्य त्या पृष्ठावर बसविले : इलेक्ट्रॉनांच्या बाजूस ऱ्होडियम व त्यावर क्रोमियम ऑक्साइडचे कवच, विवरांच्या बाजूस कोबाल्टचे ऑक्सिहायड्रॉक्साइड. कवचाचे कार्य विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. ऱ्होडियम जितक्या सहजतेने हायड्रोजन घडविते, तितक्याच सहजतेने हायड्रोजन व ऑक्सिजन यांना पुन्हा जोडून पाणी करते. क्रोमियम ऑक्साइडचे पातळ आवरण ऑक्सिजनला धातूपर्यंत पोहोचू देत नाही आणि ही उलटी वाट बंद होते. परिणामी ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या पट्ट्यात बाह्य पुंज-कार्यक्षमता ९६ टक्क्यांपर्यंत पोहोचली. पडलेला जवळपास प्रत्येक प्रकाशकण कामी आला. पुनर्मीलन अटळ आहे, ही दीर्घकाळची समजूत या प्रयोगाने मोडीत काढली. या क्षेत्रातील गेल्या पन्नास वर्षांतील सर्वांत महत्त्वाच्या निष्कर्षांत त्याची गणना करावी लागेल.

आणि तरीही या पदार्थाची सौर-हायड्रोजन कार्यक्षमता ०.६५ टक्केच भरली.

यात विरोधाभास नाही. सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेतील अतिनील वाटा चार-पाच टक्क्यांचा आहे. शिवाय ३६० नॅनोमीटरच्या एका प्रकाशकणात ३.४४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते, त्यातील १.२३ साठविली जाते व उरलेली उष्णता होते. या दोन्ही गोष्टी विचारात घेतल्या तर ४०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रत्येक प्रकाशकण शंभर टक्के वापरला तरी सौर-हायड्रोजन कार्यक्षमता सुमारे दोन टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. ६०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश तसाच वापरता आला तर ही मर्यादा सुमारे १६ टक्क्यांवर जाते. म्हणून स्ट्रॉन्शियम टायटेनेटची उरलीसुरली सुधारणा करून फारसे हाती लागणार नाही. तिच्यातून शिकलेले तंत्र दृश्य प्रकाश शोषणाऱ्या पदार्थांकडे नेणे, हाच मार्ग उरतो.

तो मार्ग किती खडतर आहे, याची साक्ष त्याच गटाचे आकडे देतात. यिट्रियम-टायटॅनियमचे एक ऑक्सिसल्फाइड ६४० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश शोषते आणि खर्ची द्रव्यावाचून पाणी फोडते, असे २०१९ मध्ये दाखविण्यात आले. कार्यक्षमता होती ०.००७ टक्के. टँटलम नायट्राइडच्या सूक्ष्मदंडांवर २०१८ मध्ये मिळालेली कार्यक्षमता ०.०१४ टक्के होती. नायट्राइड, ऑक्सिनायट्राइड व सल्फाइड यांच्या स्फटिकांत दोष विपुल असतात, आणि विवरे पाण्याआधी नायट्रोजन वा गंधकावर तुटून पडतात. हे आकडे लहान आहेत म्हणून त्यांची उपेक्षा होऊ नये. मिथेनॉलच्या द्रावणातील हजारो मायक्रोमोलांपेक्षा त्यांतून अधिक कळते, कारण त्यांत ऑक्सिजनची बाजू समाविष्ट आहे.

एकाच पदार्थाकडून दोन्ही कामे करून घेण्याऐवजी दोन पदार्थांत ती वाटून देण्याची युक्ती वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणातून सुचलेली आहे. २०१६ मध्ये ऱ्होडियम व लँथॅनम मिसळलेले स्ट्रॉन्शियम टायटेनेट आणि मॉलिब्डेनम मिसळलेले बिस्मथ व्हॅनेडेट यांचे कण सोन्याच्या पातळ थरावर बसवून १.१ टक्के सौर-हायड्रोजन कार्यक्षमता मिळविण्यात आली. भुकटीपासून बनविलेल्या पत्र्याच्या दृष्टीने ती मोठीच मजल होती. तथापि सोन्याचा थर, वाढविलेले तापमान आणि पात्रातील कमी केलेला दाब या तिन्ही अटी तिच्यासोबत वाचावयास हव्यात.

छपरावरील हिशेब

२०२१ मध्ये डोमेन यांच्याच गटाने १०० चौरस मीटर क्षेत्रफळाची मांडणी उघड्यावर कित्येक महिने चालविल्याचे वृत्त ‘नेचर’मध्ये दिले. प्रत्येकी २५ सेंटिमीटर बाजूचे १,६०० चौकोनी पत्रे, काच व उत्प्रेरक यांमध्ये पाण्याचा अवघा ०.१ मिलिमीटर जाडीचा थर, आणि बाहेर पडणाऱ्या हायड्रोजन-ऑक्सिजनच्या मिश्रणातून हायड्रोजन वेगळा काढण्यासाठी पॉलिइमाइडचे पटल. हे मिश्रण स्फोटक असते. संशोधकांनी ते मुद्दाम पेटवूनही पाहिले व मांडणी सुरक्षित राहते अशी खात्री करून घेतली. उत्प्रेरकांवरील साहित्यात असा प्रयोग क्वचितच आढळतो. वायूंच्या विलगीकरणाचा प्रश्न बहुतेक निबंधांच्या शेवटच्या परिच्छेदात ‘भावी संशोधनाचा विषय’ म्हणून निकालात काढलेला असतो.

या मांडणीची कमाल कार्यक्षमता ०.७६ टक्के होती. याचा व्यवहारी अर्थ काढणे उद्बोधक ठरते. भर दुपारी १०० चौरस मीटरवर सुमारे १०० किलोवॉट सूर्यऊर्जा पडते, तिच्या ०.७६ टक्क्यांतून तासाला साधारण २३ ग्रॅम हायड्रोजन मिळेल. त्याच जागेवर २० टक्के कार्यक्षमतेचे सौर विद्युत फलक बसवून त्यांची वीज विद्युत-विघटन संचास दिली, तर किलोग्रॅममागे ५० ते ५५ युनिट वीज धरूनही तासाला ३६० ते ४०० ग्रॅम हायड्रोजन हाती येईल, आणि तो ऑक्सिजनपासून वेगळा झालेला असेल. प्रकाश-उत्प्रेरकाचा खरा प्रतिस्पर्धी गेल्या वर्षीचा उत्प्रेरक नसून हा विजेचा संच आहे. भुकटीच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद स्वस्ताईचा आहे : काचेवर फवारलेली भुकटी फलकापेक्षा पुष्कळ स्वस्त पडेल. हा युक्तिवाद निराधार नाही. मात्र तो टिकावयाचा तर कार्यक्षमता पाच ते दहा टक्क्यांपर्यंत जावी लागेल आणि पत्रे वर्षानुवर्षे टिकावे लागतील, यावर जाणकारांचे साधारण एकमत आहे. स्ट्रॉन्शियम टायटेनेटने १,००० तासांची अखंड चाचणी २०१९ मध्ये पार केली. उन्हाळ्यातील दिवसाचे आठ तास धरले तर हा काळ जेमतेम चार महिन्यांचा होतो.

भारताच्या संदर्भात हा हिशेब केवळ तात्त्विक राहत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद असून २०३० पर्यंत दरसाल ५० लाख टन हायड्रोजन-निर्मितीची क्षमता उभारण्याचे लक्ष्य आहे. तरतुदीतील १७,४९० कोटी रुपये विद्युत-विघटन संच व त्यांद्वारे होणाऱ्या निर्मितीच्या प्रोत्साहनासाठी आहेत. संशोधन व विकासाच्या वाट्याला ४०० कोटी आले आहेत. वर्षाकाठी प्रत्येक चौरस मीटरवर २,००० युनिट सूर्यऊर्जा पडते असे धरले, तर एक टक्का कार्यक्षमतेच्या प्रकाश-उत्प्रेरकाने ५० लाख टन हायड्रोजन मिळविण्यास आठ हजारांहून अधिक चौरस किलोमीटर जागा व्यापावी लागेल. म्हणजे जवळजवळ संपूर्ण रत्नागिरी जिल्हा. दहा टक्के कार्यक्षमता लाभली तर त्याचा दहावा हिस्सा पुरेल. ग्रॅममागील मायक्रोमोलांच्या आकड्यावरून यातील काहीही काढता येत नाही. जागा, काच, पाणी व पैसा यांचा अंदाज फक्त सौर-हायड्रोजन कार्यक्षमता आणि टिकाऊपणा या दोन मापांवरून करता येतो.

२०२३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील झेतियान मी यांच्या गटाने इंडियम गॅलियम नायट्राइडच्या सूक्ष्मतारांवर ९.२ टक्के कार्यक्षमता नोंदविली, तेव्हा दहा टक्क्यांचे शिखर टप्प्यात आल्याची भावना सर्वत्र पसरली. या निबंधातील कल्पना खरोखरच नवी होती : एरवी वाया जाणाऱ्या अवरक्त किरणांनी पाणी ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापू दिले की विघटनाला गती मिळते व वायूंचे पुन्हा पाणी होणे रोखले जाते. परंतु हा आकडा भिंगाने एकवटलेल्या प्रकाशातील असून तारा सिलिकॉनच्या चकतीवर, निर्वात पात्रात, अणूंचे थर चढवीत वाढविलेल्या होत्या. उघड्यावर, नैसर्गिक प्रकाश एकवटून मिळालेला आकडा ६.२ टक्के होता. भुकटीच्या स्वस्ताईचा युक्तिवाद या पदार्थाला लागू पडत नाही. एकवटलेल्या प्रकाशामुळे उत्प्रेरक थोडा लागतो, हा त्याचा निराळा युक्तिवाद आहे. दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात, एकाच स्तंभात लिहिणे मात्र दिशाभूल करणारे ठरेल.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेची बाजू

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान विभागांत प्रकाश-उत्प्रेरकांवर पीएच. डी.चे काम चालते. साधने मर्यादित असतात. तेथे सर्रास दिसणारा प्रकार असा : प्रबंधाच्या प्रस्तावनेत हायड्रोजन अर्थव्यवस्थेचे चित्र रंगविलेले असते आणि प्रत्यक्ष प्रयोग मिथिलीन ब्ल्यू या रंगद्रव्याचा रंग घालविण्याचा असतो. रंग जाणे ही ऊर्जा मुक्त करणारी, उताराची क्रिया होय. हवेतील ऑक्सिजन तिला मदत करतो आणि कित्येकदा रंगद्रव्य स्वतःच प्रकाश शोषून विघटित होते. सांडपाणी-शुद्धीकरणासाठी हे काम स्वतंत्रपणे मोलाचे असू शकेल. जलविघटनाविषयी त्यावरून कोणताही निष्कर्ष निघत नाही.

साधनांची मर्यादा हे येथे पुरेसे कारण मानता येणार नाही. वायूंच्या मापनासाठी लागणारे गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्र आज बऱ्याच विभागांत किंवा जवळच्या विद्यापीठात उपलब्ध असते. त्यात हायड्रोजनबरोबर ऑक्सिजन मोजता येतो, आणि नायट्रोजनची खूण दिसली तर पात्रात बाहेरची हवा शिरत असल्याचे तत्काळ समजते. हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे प्रमाण दोनास एक आले नाही, तर विवरे कोठे गेली, हा प्रश्न विद्यार्थ्याला विचारता येतो. बहुधा ती उत्प्रेरकातील गंधकाकडे, कार्बनकडे किंवा कृतीतून उरलेल्या सेंद्रिय मळाकडे गेलेली असतात. अंधारातील प्रयोग, उत्प्रेरकाविना प्रयोग आणि मिळालेल्या हायड्रोजनचे मोल उत्प्रेरकाच्या मोलांपेक्षा अधिक भरेपर्यंत चालविलेला प्रयोग, या तिन्हींना वेळाखेरीज फारसा खर्च नाही. तिसरा तर अनिवार्यच मानला पाहिजे. कारण त्याखेरीज उत्प्रेरक हा उत्प्रेरक आहे की स्वतःच झिजणारे अभिकारक, हे ठरत नाही.

अडसर आहे तो अन्यत्र. शुद्ध पाण्यात प्रयोग केला तर आकडा शंभरपट खाली येतो, कधी कधी शून्यावर येतो, आणि असा निबंध स्वीकारला जाण्याची शक्यता घटते. शिष्यवृत्तीची मुदत व पदोन्नतीसाठी लागणारी निबंधसंख्या यांच्या दडपणाखालील विद्यार्थी व मार्गदर्शक मिथेनॉलची बाटली उघडतात, यात नवल ते काय? संशोधन-नियतकालिकांच्या परीक्षकांनी खर्ची द्रव्यातील प्रयोगाला ‘हायड्रोजन-निर्मितीची अर्धक्रिया’ असेच शीर्षक देण्याचा आग्रह धरावा. दिव्याचा वर्णपट, प्रकाशित क्षेत्रफळ, उत्प्रेरकाचे प्रत्यक्ष वजन आणि पदार्थ कोणत्या मुशीत तापविला, ही माहिती कृतीच्या वर्णनात मागावी. विद्यापीठांच्या संशोधन समित्यांनाही प्रबंध स्वीकारताना ऑक्सिजनच्या मापनाची एक ओळ शोधता येईल, आणि ती नसल्यास तोंडी परीक्षेत तिच्याविषयी विचारता येईल.